अंबाडीच्या दोरातला काथ्या

धाकू,

काल दुपारी मुंबईहून परत आलेल्या दोरांचं ओझं वखारीत उतरलं. तू गेल्यानंतरचं हे पहिलंच. तुझी जागा रिकामी होती, म्हणून मीच तिथं मांडी घालून बसलो आणि तू बसायचास तसा एकेक दोर हातातून सरकवत बघत गेलो. हमाल हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत होते. मुकादमानं जुने दोर चाळत बसायचं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या ओझ्यात जे निघालं ते तुला सांगायचं आहे. पण त्याआधी दुसरं एक सांगायचं आहे, जे तू असताना सांगायला हवं होतं आणि मी सांगितलं नाही. आज तुला जाऊन सोळा दिवस झाले.

तू अमरावतीच्या वखारीत आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. विलायतेला अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला एकाएकी असे दिवस आले होते, की अंजनगाव, तेल्हारा, कुठकुठून आलेल्या गाड्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या. गठाणी बांधायला माणसं पुरत नव्हती. शेटजी मुंबईच्या बंदरावरून एक माणूस आणतायत असं कळलं, तेव्हा मला वाटलं कोणी मोठा कारागीर येणार. आलास तू. एक पाय ओढत चालणारा, रापलेला, कमरेला काथ्याच्या दोराचं वेटोळं गुंडाळलेलं. आल्या आल्या तू आमचा अंबाडीचा दोर उचललास आणि नाकाशी नेलास.

"काहून? काय झालं त्याले?" मी विचारलं.

"झाला काय नाय. गोड वास येतो," तू म्हणालास. "दोराला खाऱ्या पाण्याचा वास पायजे."

मला रागच आला. पण त्याच दिवशी दुपारी आमच्या घरी माझ्या बायकोनं, गिरजानं, तुला भाकरीबरोबर अंबाडीची भाजी वाढली आणि ही त्याच झाडाची म्हणून सांगितलं, तेव्हा तू हातातला घास तसाच धरून इतका हसलास की मलाही हसू आवरेना. "ज्याचा दोर वळता त्याचीच भाजी खाता? म्हंजे गलबत फुटलं तर शिजवून खायाला झाला." त्या दिवसापासून मी तुला तांडेल म्हणायला लागलो. तांडेल म्हणजे गलबताचा प्रमुख, आणि तू साधा खलाशी होतास, हे तूच मला बजावलंस. मी ऐकलं नाही. आमच्याकडे एकदा नाव चिकटलं की चिकटलं.

आपलं भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं. आमच्या वखारीत प्रत्येकाच्या कमरेला चाकू. गठाण बांधायची ती निरगाठ मारून, आणि सोडायची वेळ आली की दोर कापायचा. मी जन्मापासून हेच बघितलेलं. सुटली तर ती गाठ कसली, असं माझं म्हणणं. तुझी गाठ मात्र कितीही ओढ बसली तरी ढिली पडायची नाही आणि शेपटाला नेमका हिसका दिला की हातात सुटून यायची.

"दोर कापतोस कशाला, मुकादम? तो काय तुजा वैरी हाय?" तू विचारायचास. "गलबतावर कोणी उगीच चाकू काढला तर तांडेल त्याला पुढच्या बंदरात उतरवतो. म्हणतो, याला गाठ सोडवायचा धीर नाय."

मी म्हणायचो, "इथं काई समुद्र नाई, तांडेल. इथं कापूस हाये. काप अन् मोकळा हो."

शेटजींना तुझ्या हाताचा वेग हवा होता, तुझी गाठ नको होती. म्हणून गठाणीवर वखारीचीच निरगाठ राहिली. पण गठाणी गाडीला आवळायचा जो मोठा दोर, तो तुझ्या हातचा असायचा, तुझ्या पद्धतीचा. त्याचा उपयोग मला पूर्णेत कळला. आपण अंजनगावहून अकोल्याकडे येत होतो आणि नदीच्या उतारात गाडी कलंडली. गठाणी एका बाजूला आल्या, दोर माझ्या पवळ्या बैलाच्या मानेवर आवळला गेला आणि त्याचे डोळे बाहेर यायला लागले. मी चाकू काढला, पण पाण्यात उभं राहून मला तिथवर पोहोचता येईना. तू तुझा तो लंगडा पाय ओढत पलीकडून आलास, शेपटाला एक हिसका दिलास आणि सगळा दोर सैल होऊन पाण्यावर पडला. दोन गठाणी वाहून गेल्या. पवळ्या वाचला. त्या दिवशी मी तुझं म्हणणं मान्य करायला हवं होतं. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "दोन गठाणी गेल्या ना पन." तू बैलाची मान चोळत बसलास. पवळ्या अजून आहे, धाकू. काल त्याला तुझ्या जागेशेजारी बांधला होता.

तू घरचं फार सांगायचा नाहीस. जे कळलं ते तुकड्यातुकड्यानं. रत्नागिरीकडचं खाडीकाठचं गाव, बायको सगुणा, धाकटा भाऊ भिकू. डोलकाठीवरून पडलास, पाय मोडला, आणि लंगड्या खलाशाला कोणी गलबतावर घेईना. सगुणा म्हणाली, घरी बसा, जाळी विणा, भिकू कमावतोय. ते तुला लागलं. धाकट्या भावाच्या ताटातलं खायचं नाही म्हणून तू तिला न सांगता निघालास, आणि जिथं समुद्र नाही अशा मुलखात येऊन बसलास. भिकू पुढं मुंबईच्या बंदरावर हमालीला लागला, गावाकडून येणाऱ्या गलबतांवरून घरची खबर त्याला मिळते, एवढं तुला इकडं येण्याआधीच ठाऊक होतं. "मी आपण होऊन जानार नाय," तू गिरजाला सांगितलं होतंस. "त्यांनी बोलावलं तर जाईन." मी एकदा म्हणालो होतो, सांग, मी पत्र लिहून देतो, मला लिहिता येतं. तू नको म्हणालास. तुमच्या गावात पत्र आलं की कोणी ते वाचायच्या आधीच बायका रडायला लागतात, कारण पत्र येतं ते मेल्याचंच.

आता ते सांगतो.

कापसात त्या दिवसांत चोऱ्या फार. वाटेत गठाण उघडायची, चांगला कापूस काढून घ्यायचा, आत सरकी, माती, ओला कचरा भरायचा आणि पुन्हा बांधून टाकायची. मुंबईत गठाण फोडली की नाव वखारीचं जायचं. म्हणून प्रत्येक वखारीची बांधायची रीत ठरलेली. आमची रीत तुला माहीतच आहे: चार दोर, प्रत्येकावर तीन निरगाठी, आणि दोरांची शेपटं गेरूत बुडवलेली. फाटकातून गाडी निघायच्या आधी मी गठाणीभोवती फिरून बघायचो. वेगळी गाठ दिसली की त्या गठाणीला कोणाचा तरी हात लागला, असं समजायचं. ती माझी जबाबदारी होती आणि मला तिचा मोठा अभिमान होता.

तुझ्या पहिल्याच मोसमात एका गठाणीच्या खालच्या कोपऱ्याला, जिथं सहसा कोणी वाकून बघत नाही, मला एक जास्तीची गाठ दिसली. दोराच्या शेपटावर, बोराएवढी, गोल, शेपूट आत वळवून दडवलेली. आमच्याकडे अशी गाठ कोणी मारत नाही. मी समजलो की ही गाडीवानांची खूण. पुढच्या मुक्कामावर त्यांचे साथीदार असणार आणि कोणती गठाण उघडायची ते त्यांना या गाठीवरून कळणार. मी कोणाला बोललो नाही, चोर सावध होऊ नये म्हणून. चाकू काढला आणि गाठ कापली. गाड्यांच्या पुढच्या तांड्यात पुन्हा एका गठाणीला तशीच गाठ. पुन्हा कापली. दोन मोसम, धाकू. एकही तांडा मी सोडला नाही. चोर हाती लागला की पुरावा म्हणून दाखवता येईल, या हिशेबानं सगळ्या गाठी एका फडक्यात बांधून ठेवत गेलो. आणि या दोन वर्षांत मी तुला इतक्या गोष्टी सांगितल्या, घरच्या, शेताच्या, भावकीच्या, पण ही सांगितली नाही. खरं सांगायचं तर चोर मला एकट्याला पकडायचा होता.

तुला दोर चाळताना मी बघत होतो. मुंबईत गठाणी फोडल्या की चांगले दोर गुंडाळून परत यायचे. आमची गेरूची शेपटं ओळखून तिकडचे लोक ते आमच्याच वखारीला पाठवायचे. ओझं आलं की तू जेवण टाकून उठायचास. एकेक दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवायचास. मी सगळ्यांसमोर तुझी थट्टा करायचो, "तांडेल दोराची नाडी बघते." तुझ्या कमरेचं ते काथ्याचं वेटोळं वर्षभरात निम्मं झालं होतं, तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. काथ्या कुठं जातो, हे मी कधी विचारलं नाही.

मग तो उन्हाळा. दुसरा मोसम संपला होता, वखार बंद होती. आमच्या विहिरीचा दोर तुटला म्हणून गिरजानं तुला बोलावलं होतं. तू ओसरीवर बसून दोर सांधत होतास आणि मी समोर जेवत होतो. सांधून झाल्यावर राहिलेल्या शेपटावर तू सहज एक गाठ वळलीस. बोराएवढी, गोल, शेपूट आत दडवलेली. कमरेच्या वेटोळ्यातून काथ्याच्या तंतूंची एक धस ओढून तू ती आधी आत घातली होतीस.

"हे काय केलं, भाऊ?" गिरजानं विचारलं.

"ही माजी गाठ, वैनी," तू म्हणालास. "आमच्यात पोरगा पयल्यांदा गलबतावर चढला की बापूस त्याला त्याची गाठ देतो. ज्याची त्याची वेगळी. दोर बघितला की कळतं कोणाचा हात फिरलाय. भिकूची येगळी, माजी येगळी."

"मंग तिचा काय उपेग?"

"मला लिवता येत नाय, त्याला वाचता येत नाय. म्हणून गाड्या निघाल्या की एका गठाणीला ही मारून देतो. बंदरावर गठाणी तोच उतरवतो. त्याला दिसंल, तो सगुणाला सांगंल, तुजा माणूस जिता हाय. त्याला वाटलं तर तो आपली गाठ मारून दोर परत धाडंल. ते बोलावणं." मग तू विहिरीत डोकावत म्हणालास, "दोन वर्सं झाली. अजून काय आला नाय."

माझ्या तोंडातला घास तोंडातच राहिला. गिरजानं विचारलं, काय झालं, ठसका लागला का. मी मान हलवली. तू मला पाण्याचा तांब्या पुढं केलास.

तू ओसरीवरून उठून गेल्यावर मी ते फडकं काढलं. एकतीस गाठी होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा एक गाठ नखांनी सोडवली, चाकू न लावता. बराच वेळ लागला. आतून काथ्याची धस निघाली, तांबूस, कुरळी. आमच्या मुलखात काथ्या कुठून येणार? पहिल्याच दिवशी कापायच्या ऐवजी मी ती गाठ सोडवली असती तर आतला काथ्या बघून ती कोणाची हे मला तिथल्या तिथं कळलं असतं. तू हेच तर म्हणत होतास.

तरी मी तुला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, याचा मी सोळा दिवस विचार करतो आहे. लाज वाटली, हे आहेच. मुकादम म्हणून माझी पत गेली असती, हेही आहे. पण त्याहून वाईट कारण आहे आणि ते तुला सांगायलाच हवं. मला वाटलं, हे कळलं तर हा उठून निघून जाईल. मला तुझी सवय झाली होती, धाकू. दिवसभर भांडायला तू लागत होतास. म्हणून मी मनाची अशी समजूत घातली की आता गाठी कापायच्या नाहीत, जाऊ द्यायच्या, भिकूला त्या मिळतील, बोलावणं येईल, आणि झालं गेलं कोणाला कळायचं नाही.

तिसऱ्या मोसमात आगगाडी अकोल्याला आली आणि आपण सगळे अकोल्याच्या वखारीत आलो. तुझी गाठ असलेली गठाण मी स्वतः उचलून डब्यात दाराशी ठेवायला लावायचो, गाठ बाहेरच्या बाजूला करून. तुला वाटायचं, हमाल आता नीट काम करायला लागले. तू दोर चाळत राहिलास. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. आणि माघात एक दिवस तू रिकामं ओझं बाजूला सारलंस आणि म्हणालास, "आता नाय येनार. मला मेलेला धरला असंल. सगुणानं कपाळ पुसलं असंल. बरा झाला एका अर्थी. मेलेल्याला कोण बोलावतो?"

त्या वेळी आपण दोघंच होतो. माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हणालो, "चाल, डबे भराचे हायेत." तू उठलास आणि आलास. ते वाक्य मला आता रोज ऐकू येतं, माझ्याच आवाजात.

फाल्गुनात तुला ताप भरला. गिरजानं तुला आमच्या घरी आणून ठेवला. मी वखारीतून दुपारी घरी यायचो आणि तुझ्याजवळ बसायचो. तिसऱ्या दिवशी तू डोळे न उघडता म्हणालास, "मले पानी दे." गिरजा तांब्या टेकवून आत गेली आणि पदर तोंडात धरून रडली. एवढी वर्षं आमच्या बोलण्याची नक्कल करून तू आम्हाला हसवलंस, आणि आता तापात ते तुझ्या तोंडून आपसूक येत होतं.

आठव्या दिवशी ताप जरा उतरला. तू कमरेचा काथ्या मागितलास. वीतभरच उरला होता. मला जवळ बसवून तू तुझी गाठ शिकवायला लागलास. माझी बोटं म्हणजे नांगर धरायची बोटं, पदर चुकायचे. चुकलं की माझा हात सवयीनं चाकूकडे जायचा आणि तू म्हणायचास, "कापू नको. सोडव." चार वेळा चुकलो. पाचव्या वेळी जमली. मी शेपूट आत वळवायला लागलो तर तू माझा हात धरलास.

"माणूस समुद्रात गेला की सोबती त्याची गाठ मारतात, पण शेपूट आत घालत नाय. मोकळी ठेवतात. तशी मारून पुढच्या गठाणीला लाव. भिकूला दिसली तर दिसली."

मी म्हणालो, "धाकू, त्या गाठी..." आणि तिथंच थांबलो. तू वाट बघितलीस. खरंच बघितलीस, माझ्या तोंडाकडे बघत होतास. मग तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "शेपूट मोकळी ठेव, मुकादम." दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

तिरडी मी बांधली. आमच्याकडे घाटावर तिरडीचे दोर कापतात. मोर्णा नदीच्या काठी एकानं चाकू पुढं केला, तो मी परत दिला. एकेक गाठ शेपटाला हिसका देऊन सोडवली. लोक थांबून राहिले. वेळ लागला, पण एकही दोर कापला नाही. अग्नी मीच दिला. तुझ्या भावाची जागा घ्यायला जगात सगळ्यात नालायक माणूस मी होतो, पण तिथं दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू सांगितलीस तशी गाठ मी एका गठाणीला मारली, त्या उरलेल्या काथ्यातली धस आत घालून, शेपूट मोकळी ठेवून. आगगाडीत जागा मिळेना म्हणून ती गठाण इतके दिवस छपराखाली पडून राहिली. उद्या तिचा नंबर आहे. आणि काल ते ओझं आलं.

तुझ्यासारखा एकेक दोर चाळत मी निम्म्यावर आलो आणि बोटांना काहीतरी लागलं. गेरूच्या शेपटावर एक गाठ. तुझी नव्हे, चपटी, दोन वेढ्यांची. मी ती सोडवली. आता मला सोडवता येतं. आत नवाकोरा काथ्या होता, आणि त्याला खारट वास होता. तू कशाला खारा वास म्हणायचास ते मला काल कळलं. त्या काथ्याबरोबर एक सुताचा धागा पिळलेला होता. हिरवा. लुगड्याचा.

मला लिहिता-वाचता येतं, पण हे वाचायला लिहिणं लागत नाही. भिकूला तुझी गाठ मिळाली. या मोसमातली, मी न कापलेली कुठलीतरी. तो गावी गेला असेल, म्हणून इतके दिवस लागले. आणि सगुणानं हिरवा धागा काढून दिला. त्या दोन वर्षांत ती काय नेसत होती, कपाळाला काय होतं, मला ठाऊक नाही. आज ती हिरवं नेसून वाटेकडे डोळे लावून बसली आहे. धाकू, तुला बोलावणं आलं. पंधरा दिवस उशिरा आलं, आणि त्याला सर्वस्वी मी कारण आहे.

मी तो दोर घेऊन घरी गेलो आणि गिरजाला सगळं सांगितलं, पहिल्या गाठीपासून.  भाकरी तव्यावर करपली तरी ती उठली नाही. मी म्हणालो, छपराखालच्या गठाणीवरची गाठ मी बदलतो. मोकळी शेपूट आत वळवली की झालं. तिला कळायचं नाही. दर मोसमाला एक गाठ पाठवत जाईन, आता मला येते. बिचारी हिरवं नेसेल आणखी काही वर्षं.

मग गिरजा बोलली. "जित्या मानसाले तुमी दोन वर्सं मेलेलं ठेवलं. आता मेलेल्याले जितं नोका ठेवू." करपलेली भाकरी तव्यावरून काढत म्हणाली, "अन् थे बिचारी गाठ पाहून काय समजीन? तिथं जा. तोंडानं सांगा."

नुसती मोकळ्या शेपटाची गाठ दिसली तर आधी भिकू रडेल, मग गावाकडं निरोप जाईल, आणि ती बाई आयुष्यभर विचारत राहील की दोन वर्षं हा माणूस गप्प का बसला. त्याचं उत्तर गाठीत नाही. ते माझ्याकडे आहे. तू गप्प बसला नव्हतास, हे तिला कळलं पाहिजे. एकतीस वेळा तू तिला जिवंत असल्याचं कळवलं होतंस.

म्हणून मी जातो आहे. शेटजींना सांगितलं, आठ-पंधरा दिवस वखार दुसऱ्यानं बघावी. ते वैतागले, पण मी कारण सांगितल्यावर जा म्हणाले. गठाण माझ्याबरोबर त्याच गाडीत असेल, गाठ तशीच आहे, शेपूट मोकळी. मुंबईत उतरलो की बंदरावर भिकूला शोधायचा. गेरूची शेपटं दाखवत फिरलो तर कोणीतरी ओळखेल. त्याला घेऊन गलबतानं खाली तुमच्या गावी. मी कधी समुद्र बघितलेला नाही. तू म्हणायचास, तुला एकदा नेतो, ओकून ओकून आतडी बाहेर येतील तुझी. येऊ देत.

सगुणा मला काय म्हणेल, ते मी ऐकून घेईन. तिनं विचारलं तर तुझे दिवस कसे गेले ते सांगेन. पूर्णेतलं सांगेन, अंबाडीच्या भाजीचं सांगेन. आपल्या भांडणात तुझंच बरोबर होतं हेही सांगेन. तुला सांगितलं नाही, निदान तुझ्या माणसांना तरी सांगायला हवं.

गिरजानं वाटेसाठी भाकरी बांधल्या आहेत. पिशवीत तू गाठ मारलेला तो विहिरीच्या दोराचा तुकडा आहे, भिकूचा दोर आहे, आणि ते फडकं आहे. तीस कापलेल्या गाठी आणि एक सोडवलेली. कमरेचा चाकू काढून मी गिरजाजवळ दिला. सकाळची गाडी आहे.